खुराड्याचे माप : परसातील कोंबड्यांना लागणाऱ्या जागेचा विचार

‘खुराडे’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. कोंबड्यांना रात्री कोंडून ठेवण्याची लहानशी बंदिस्त जागा हा त्याचा वाच्यार्थ होय. माणसांना राहण्यास अपुरी व कोंदट अशी खोली हा त्याचा लाक्षणिक अर्थ. शहरातील एखाद्या बिऱ्हाडाची संभावना ‘खुराडे’ या शब्दाने झाली, म्हणजे तीत अभिप्रेत असलेली निंदा श्रोत्यास विनासायास कळते. परंतु ज्या वस्तूवरून ही लक्षणा निघाली, ती वस्तू ग्रामीण गृहव्यवस्थेत मुळीच निंद्य नव्हती. सायंकाळी कोंबड्या आपण होऊन तीत शिरत आणि पहाटे दार उघडताच बाहेर पडत. रात्रीच्या विश्रांतीस पुरेशी असणारी जागा अहोरात्र वास्तव्याची जागा झाली की ती अपुरी ठरते, हे सत्य या लक्षणेच्या मुळाशी आहे. परसातील कोंबड्यांसाठी किती जागा योजावी, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात सामावलेले आहे.

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर अनेक कुटुंबांची, विशेषतः त्या कुटुंबांतील स्त्रियांची, हाताशी असणारी रोख मिळकत अवलंबून असते. महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाने जिल्हा पातळीवर राबविलेल्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ तलंगा व ३ नर असा गट ५० टक्के अनुदानावर देण्याची तरतूद करण्यात आली होती. ज्या घरी त्यापूर्वी पाच-सहा गावठी कोंबड्या होत्या, त्या घरी एके दिवशी अठ्ठावीस पक्षी येतात. खुराडे मात्र पूर्वीचेच असते. पुढे उन्हाळ्यात पक्षी दगावू लागले, म्हणजे ‘सुधारित जात आपल्याकडे टिकत नाही’ असा निष्कर्ष काढला जाण्याचा संभव असतो. वस्तुतः दोष जातीचा असेलच असे नाही. तो पुष्कळदा मापाचा असतो. हे माप कसे काढावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. उदाहरणासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील (२०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे गाव आणि तेथील हवामान डोळ्यांसमोर ठेवले आहे.

१. डालगे, खुराडे आणि शेड

कोंबड्यांच्या निवाऱ्यासंबंधीची मराठी शब्दसंपत्ती तपासली असता तीत तीन स्पष्ट पायऱ्या आढळतात. पहिली पायरी डालग्याची. डालगे म्हणजे बांबूच्या कांबींचे विणलेले, जमिनीवर उपडे घालावयाचे मोठे टोपले. यापासूनच्या ‘डालणे’ या क्रियापदाचा अर्थ टोपल्याखाली झाकून ठेवणे असा असून, ‘पोरांना घरात डालून ठेवले’ अशा प्रयोगांत तो विस्तार पावला आहे. कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही, ही म्हणही याच व्यवस्थेची साक्ष देते. झाकणे हे रात्रीचे कर्म आणि उजाडताच झाकण काढणे हा नित्यक्रम, हे गृहीत धरल्यावाचून त्या म्हणीस अर्थच राहत नाही.

दुसरी पायरी खुराड्याची. डालगे हलविता येते; खुराडे भिंतीच्या आश्रयाने, गोठ्याच्या कोपऱ्यात अथवा ओट्याखाली कायमचे बांधलेले असते. परंतु कार्य दोहोंचे एकच : काळोख पडल्यापासून उजाडेपर्यंत रानमांजर, मुंगूस, कोल्हा यांपासून संरक्षण. दिवसाच्या जागेस या शब्दसंपत्तीत वेगळे नाव नाही, कारण ती जागा कोंबड्यांसाठी म्हणून योजलेलीच नव्हती. अंगण, परडे, उकिरडा, खळे, गोठा ही सर्व इतर कामांची स्थाने. त्यांतच कोंबड्यांचा दिवस जात असे.

तिसरी पायरी ‘पोल्ट्री’ व ‘शेड’ या इंग्रजीतून आलेल्या शब्दांची. ‘कोंबड्या पाळणे’ आणि ‘पोल्ट्री टाकणे’ हे दोन वाक्प्रयोग आज मराठीत एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत. पहिल्यात पक्षी हा कर्माच्या स्थानी आहे, दुसऱ्यात इमारत. हा भेद केवळ शैलीचा नव्हे. पोल्ट्रीत पक्ष्याचे खाणे, पिणे, अंडी घालणे व झोपणे हे सर्व एकाच छपराखाली होते आणि म्हणून तेथे प्रत्येक पक्ष्यामागे जागेचा हिशेब आधीच केलेला असतो. खुराड्यात तो हिशेब कोणी कधी केला नाही, कारण करण्याची गरज नव्हती.

अडचण उद्भवते ती या दोन पायऱ्यांच्या मध्ये. पक्ष्यांची संख्या आणि त्यांना कोंडून ठेवण्याचे तास शेडकडे झुकू लागतात, परंतु बांधकाम खुराड्याचेच राहते. परसातील कुक्कुटपालनाचे नियोजन म्हणजे या मधल्या अवस्थेचे नियोजन होय.

२. पक्ष्याचा दिवस आणि पक्ष्याची रात्र

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो दिवसभर जमिनीवर पायाने माती उकरीत भक्ष्य शोधतो आणि सायंकाळी झाडाच्या फांदीवर चढून बसतो. सहस्रावधी वर्षे माणसाळल्यानंतरही कोंबडीने हे दुहेरी जीवन सोडलेले नाही. तिला रात्री उंचावर, इतरांस खेटून बसावयाचे असते. दिवसा जमिनीवर, इतरांपासून अंतर राखून हिंडावयाचे असते. यास्तव ‘एका कोंबडीस किती जागा?’ या प्रश्नास एकच संख्या हे उत्तर असू शकत नाही. रात्रीची जमीन, रात्रीची दांडी, दिवसाचा आवार, अंडी घालण्याचा आडोसा आणि खाण्यापिण्याच्या भांड्यांची कड अशी निदान पाच मापे वेगवेगळी काढावी लागतात. त्यांपैकी एक भरपूर असल्याने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. मोठ्या आवारातील कोंबड्याही दांडी अपुरी असेल तर रात्री एकमेकींना ढकलतात. आणि प्रशस्त खुराड्यातही खाण्याचे भांडे आखूड असेल तर दुर्बळ पक्षी उपाशी राहतो.

३. चौरस वीत आणि चौरस हात

मापासाठी फूटपट्टी सर्वत्र उपलब्ध आहे. तथापि वीत व हात ही जुनी एकके या कामी विशेष सोयीची ठरतात. बारा बोटांची एक वीत, दोन वितींचा एक हात, असा त्यांचा संबंध आहे. इंग्रजी अमदानीत रूढ झालेल्या हिशेबाप्रमाणे वीत ९ इंचांची व हात १८ इंचांचा धरला जातो. त्यानुसार एक चौरस वीत म्हणजे सुमारे ५२० चौरस सेंटिमीटर आणि एक चौरस हात, म्हणजे चार चौरस विती, सव्वादोन चौरस फूट अथवा सुमारे २,०९० चौरस सेंटिमीटर.

आता या एककांची तुलना पक्ष्याच्या देहाशी करून पाहावी. डॉकिन्स आणि हार्डी या संशोधकांनी १९८९ मध्ये अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या तपकिरी संकरित कोंबड्यांची वरून छायाचित्रे घेऊन, निरनिराळ्या हालचालींच्या वेळी त्यांचा देह किती क्षेत्र व्यापतो याचे मोजमाप प्रसिद्ध केले. नुसते उभे राहण्यास सरासरीने सुमारे ४७५ चौरस सेंटिमीटर, जागच्या जागी वळण्यास सुमारे १,२७०, आणि पंख फडफडविण्यास सुमारे १,८७५ चौरस सेंटिमीटर क्षेत्र लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे एक चौरस वीत ही कोंबडीच्या केवळ देहाची जागा झाली. अडीच चौरस विती मिळाल्यास ती वळू शकते. पंख पूर्ण पसरून फडफडविण्यास तिला जवळजवळ एक चौरस हात हवा. गावठी कोंबडी या संकरित पक्ष्यांहून लहान असते. परंतु हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेत विकसित झालेली वनराजा किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठातून आलेली गिरिराजा या परसासाठीच्या सुधारित जाती वजनाने त्यांच्या तोडीच्या अथवा अधिक भारी असतात. म्हणून हे आकडे त्यांच्या बाबतीत निःशंकपणे आधारास घेता येतात.

याच मापाने पिंजरापद्धतीकडे पाहिले असता तिच्यावरील आक्षेपाचे स्वरूप स्पष्ट होते. भारतातील व्यापारी अंडी-उत्पादनात प्रत्येक कोंबडीच्या वाट्यास दीर्घकाळ ४५० चौरस सेंटिमीटर अथवा त्याहूनही कमी जागा येत राहिली. ती एका चौरस वितीपेक्षा लहान आहे. ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांच्या १९६४ मधील ग्रंथानंतर नेमलेल्या ब्रँबेल समितीने १९६५ साली एक साधे तत्त्व मांडले : पाळीव प्राण्यास निदान उठणे, बसणे, वळणे, अंग स्वच्छ करणे व अवयव ताणणे एवढे तरी करता आले पाहिजे. युरोपीय संघाने साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. भारताच्या विधी आयोगानेही २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न विचारार्थ घेतला. परसातील पालकाचा या वादाशी संबंध नाही, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु सहा कोंबड्यांच्या खुराड्यात अठ्ठावीस कोंबड्या घातल्या, तर निष्पन्न होणारे माप पिंजऱ्याच्या मापाहून वेगळे नसते.

व्यवहारासाठी यातून पुढील नियम निघतात. पक्षी दिवसभर मोकळा असेल आणि केवळ रात्री आत येत असेल, तर त्यास अर्धा चौरस हात, म्हणजे सुमारे एक चौरस फूट जमीन पुरते. तो दिवसाही आत राहणार असेल, तर एक चौरस हात हे किमान माप होय. जमिनीवर भुशाची गादी करून अंड्यांच्या कोंबड्या ठेवण्याच्या पद्धतीत दोन ते अडीच चौरस फूट जागेची शिफारस भारतात सामान्यतः केली जाते. चौरस हात तिच्याशी नेमका जुळतो. दिवसा जाळीच्या बंदिस्त आवारात सोडावयाचे असल्यास प्रत्येक पक्ष्यामागे चार ते पाच चौरस हात, म्हणजे सुमारे दहा चौरस फूट आवार असावा. यापेक्षा कमी आवारात गवताची काडी उरत नाही आणि पहिल्याच पावसात चिखल होतो. युरोपीय नियमांत ‘मुक्त संचार’ म्हणविण्यासाठी दर कोंबडीस ४ चौरस मीटर मोकळी जमीन आवश्यक ठरविली आहे; ती सुमारे एकोणीस चौरस हात भरते.

एक सावधगिरी येथे नोंदविणे आवश्यक आहे. हात हे माप देहावरून आलेले असल्याने ते व्यक्तीगणिक बदलते. १८ इंचांऐवजी १६ इंचांच्या हाताने मोजल्यास लांबीत फरक केवळ दोन इंचांचा पडतो. परंतु क्षेत्रफळ सुमारे एक पंचमांशाने घटते. यास्तव प्रथम आपला हात एकदा पट्टीवर ताडून पाहावा आणि तो आखूड असल्यास तितकी बोटे वाढवून मोजावे.

४. अठ्ठावीस पक्ष्यांचा हिशेब

वर उल्लेखिलेला २५ माद्या व ३ नर यांचा गट घेऊन हा हिशेब करून पाहता येईल. केवळ रात्रीचे खुराडे हवे असेल तर २८ पक्ष्यांस १४ चौरस हात, म्हणजे साडेएकतीस चौरस फूट जमीन लागेल. ८ फूट लांब व ४ फूट रुंद खुराडे यास पुरेसे आहे. दिवसाही आत ठेवावयाचे असल्यास २८ चौरस हात, म्हणजे ६३ चौरस फूट, अर्थात ९ फूट बाय ७ फूट अशी खोली लागेल. जाळीचा आवार करावयाचा असल्यास २८० चौरस फूट, उदाहरणार्थ २० फूट बाय १४ फूट, एवढी मोकळी जमीन हवी. जुन्या डालग्याशी याची तुलना उद्बोधक आहे. दोन हात व्यासाच्या वाटोळ्या डालग्याखाली सुमारे तीन चौरस हात जमीन येते. रात्रीच्या हिशेबाने ती सहा कोंबड्यांची जागा होते.

या दोन मापांपैकी कोणते पत्करावे, हा खरा निर्णय होय. सामान्यतः पालक पहिले पत्करतो, कारण कोंबड्या दिवसा बाहेरच असणार असे तो धरून चालतो. परंतु वर्षातील काही दिवस हे गृहीत टिकत नाही. मिरजगाव हे नगर–सोलापूर मार्गावरील गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडते आणि या भागात रब्बी ज्वारीचे महत्त्व मोठे आहे. पेरणी झाल्यावर लगतच्या शेतात कोंबड्या गेल्या तर त्या बियाणे उकरून काढतात. शेजाऱ्यांशी तंटा टाळावयाचा तर त्या दिवसांत त्यांना कोंडणे प्राप्त असते. गावात रोगाची साथ आली, झड लागली अथवा घरची मंडळी परगावी गेली, तरी तीच वेळ येते. म्हणून खुराड्याचे माप कोंबड्या सामान्यतः किती वेळ आत असतात यावरून काढू नये. जास्तीत जास्त किती वेळ आत राहण्याची पाळी येईल यावरून काढावे. एका दिवसाच्या कोंडीस अर्धा चौरस हात कसाबसा निभतो. आठवड्याच्या कोंडीस तो निभत नाही.

येथे वयाचाही विचार करावयास हवा. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घरी येतात तेव्हा खुराडे प्रशस्त भासते. पूर्ण वाढ झाल्यावर त्यांचे वजन दुपटीच्या घरात जाते, आणि नेमक्या त्याच सुमारास अंड्यांचा हंगाम सुरू होतो. माप पिल्लांकडे पाहून नव्हे, तर ती पिल्ले पुढे जे पक्षी होणार, त्यांच्याकडे पाहून घ्यावे.

५. दांडी, आडोसा आणि भांड्याची कड

झोपण्याच्या दांडीवर प्रत्येक पक्ष्यास एक वीत लांबी द्यावी. युरोपीय नियमांत किमान १५ सेंटिमीटर लांबी सांगितली आहे. परंतु उष्ण प्रदेशात पक्षी एकमेकांस खेटून बसू नयेत म्हणून वीतभर अंतर अधिक हितावह होय. २८ पक्ष्यांस २८ विती, म्हणजे २१ फूट दांडी लागते. सात फुटांच्या तीन दांड्यांत ती बसते. दोन दांड्यांमध्ये सव्वा फुटाच्या आसपास अंतर ठेवावे. दांडी दोन इंच रुंद व कडा गोलसर केलेली असावी. सर्व दांड्या एकाच उंचीवर बांधणे श्रेयस्कर. त्या पायऱ्यांसारख्या बांधल्यास सर्वांत उंच दांडीसाठी रोज सायंकाळी भांडण होते.

हे भांडण आकस्मिक नसते. नॉर्वेजियन अभ्यासक थोरलेफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांच्या कळपातील श्रेष्ठ-कनिष्ठतेची उतरंड प्रथम शास्त्रीय रीतीने वर्णन केली. कोणी कोणास टोचावयाचे आणि कोणी कोणापुढून बाजूस व्हावयाचे, हे कळपात ठरलेले असते. ‘बाजूस होणे’ शक्य असेल तोवर ही व्यवस्था रक्तपाताविना चालते. जागा इतकी आखडली की कनिष्ठ पक्ष्यास बाजूस होताच येऊ नये, म्हणजे टोचण्याचे पर्यवसान जखमेत आणि जखमेचे मृत्यूत होते. जागेची आवश्यकता केवळ देहासाठी नसून परस्परसंबंधांसाठीही आहे, हे यावरून ध्यानात येईल.

खाद्याच्या भांड्याचे मापही याच न्यायाने काढावे. प्रत्येक पक्ष्यास १० सेंटिमीटर कड मिळाल्यास सर्व पक्षी एकाच वेळी खाऊ शकतात. २८ पक्ष्यांस २८० सेंटिमीटर कड लागते. भांडे दोन्ही बाजूंनी खुले असेल तर १४० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेचार फूट लांबी झाली. ती एकाच ठिकाणी न ठेवता दोन भांड्यांत विभागावी, म्हणजे एका भांड्यावर बलिष्ठांनी कब्जा केला तरी दुसरे मोकळे राहते.

अंडी घालण्यास कोंबडीस अंधार व आडोसा लागतो. एक फूट लांब-रुंद-उंच अशी एक पेटी चार-पाच कोंबड्यांस पुरते. कारण त्या सर्व एकाच वेळी अंडी घालीत नाहीत. २५ माद्यांस पाच पेट्या होतात. त्या भिंतीबाहेर काढून, मागच्या बाजूने उघडणाऱ्या झाकणासह बसविल्या तर आतील जमीन व्यापली जात नाही आणि अंडी काढण्यास आत शिरावे लागत नाही. मात्र पेटी दांडीहून खाली असावी. वर असल्यास पक्षी रात्री तिच्यातच झोपतात आणि अंडी मळतात. कोंबडी खुडूक बसली की ती सुमारे एकवीस दिवस एक पेटी अडवून ठेवते. म्हणून तिला स्वतंत्र, शांत कोपरा द्यावा. या कामी जुने डालगे अजूनही उपयोगी पडते. तद्वतच बाजारातून आणलेला नवा पक्षी किंवा आजारी पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवण्यासही तेच कामास येते.

६. ऊन, हवा आणि विष्ठा

आतापर्यंतची मापे जमिनीची होती. मिरजगावसारख्या ठिकाणी हवेचे माप त्यांच्याइतकेच महत्त्वाचे ठरते. एप्रिल-मे महिन्यांत या भागात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते. कोंबडीच्या शरीराचे स्वाभाविक तापमान ४१ अंशांच्या आसपास असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. चोच उघडी ठेवून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे, एवढेच उष्णता घालविण्याचे उपाय तिच्यापाशी आहेत. पंख दूर धरण्यास जागा हवी आणि धापांतून निघालेली बाष्पयुक्त हवा बाहेर जावयास वाट हवी. भरल्या खुराड्यात दोन्ही नसतात. शिवाय दोन किलो वजनाचा पक्षी सतत सुमारे दहा वॅट उष्णता बाहेर टाकीत असतो; अठ्ठावीस पक्षी म्हणजे पावणेतीनशे वॅटची शेगडी. दिवसभर तापलेल्या पत्र्याखाली, चारही बाजूंनी बंद अशा जागेत ही शेगडी रात्रभर पेटलेली असते. मे महिन्यात सकाळी दार उघडल्यावर मेलेले पक्षी दिसतात, तेव्हा रोगाबरोबर या कारणाचाही विचार करावयास हवा.

यास्तव खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन केवळ आखूड बाजूंवर पडते. उत्तर व दक्षिण या लांब बाजूंच्या खालचा हात-दीड हात भाग भरीव ठेवून वरचा भाग जाळीचा करावा. जाळीचे छिद्र अर्ध्या इंचाचे असावे. मोठ्या छिद्रातून मुंगसाचे पिल्लू, घूस व साप आत शिरतात. छपराची उंची माणसास वाकल्यावाचून उभे राहता येईल एवढी असावी. बुटक्या खुराड्याची झाडलोट होत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. पत्रा असेल तर त्यावर सरमाड किंवा पाचट पसरावे आणि छप्पर भिंतीपुढे दोन-तीन फूट काढावे. उन्हाळ्यात पाण्याचे प्रमाणही दुप्पट धरावे. एरवी २८ पक्ष्यांस दिवसाला सुमारे सात लिटर पाणी पुरते, तेथे मे महिन्यात चौदा लिटर भरून ठेवावे लागते.

जागेचा विष्ठेशी असलेला संबंध सर्वांत कमी लक्षात घेतला जातो. पूर्ण वाढलेली कोंबडी दिवसाला १०० ते १५० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. अठ्ठावीस पक्ष्यांची ती रोज तीन ते चार किलो भरते आणि तिच्यातील मोठा वाटा रात्री दांडीखाली पडतो. तीत असणाऱ्या यूरिक आम्लाचे ओलाव्यात विघटन होऊन अमोनिया वायू निर्माण होतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण २५ भागांहून वाढू देऊ नये, असे मानले जाते. कारण त्यामुळे पक्ष्यांच्या डोळ्यांस व श्वासनलिकेस इजा होते आणि रोगास वाट मिळते. गादीसाठी भुईमुगाची टरफले, भाताचे तूस अथवा लाकडाचा भुसा चार ते सहा इंच जाडीने पसरून तो वरचेवर हलविला, तर विष्ठा सुकत राहते. परंतु ही गादी विशिष्ट मर्यादेपर्यंतच काम करते. एका चौरस हातावर एका पक्ष्याची विष्ठा सुकते; तिघांची सुकत नाही, कुजते. जागेचे माप हे अशा रीतीने स्वच्छतेचेही माप ठरते. परीक्षा सोपी आहे : सकाळी खुराड्यात पक्ष्याच्या उंचीपर्यंत वाकून श्वास घ्यावा, डोळे चुरचुरले तर जागा, हवा वा स्वच्छता यांपैकी काही तरी अपुरे आहे.

दाटी रोगाचे कारण नसली तरी त्याचे वाहन निश्चित असते. १९२७ च्या सुमारास ज्याची भारतात नोंद झाली आणि ज्यास कुमाऊँमधील गावावरून नाव पडले, तो राणीखेत रोग, म्हणजे ग्रामीण भाषेतील मानमोडी, विषाणूमुळे होतो. त्यावर लस हाच उपाय होय. प्रशस्त खुराडे लशीची जागा घेऊ शकत नाही. परंतु रक्ती हगवणीसारखे रोग ओल्या, दाट वापराच्या जमिनीतूनच बळावतात. तेथे जागा हा प्रत्यक्ष प्रतिबंध ठरतो.

७. परसाची क्षमता

शेवटचा मुद्दा खुराड्याबाहेरचा आहे. पारंपरिक घरी पाच-दहाच कोंबड्या का असत? त्याचे कारण केवळ दारिद्र्य वा अनास्था नव्हे. उकिरड्यातील किडे, खळ्यावर सांडलेले दाणे, गोठ्यातील उष्टे, स्वयंपाकघरातील खरकटे या सर्वांवर जेवढे पक्षी पोसले जातील तेवढेच टिकत. ही त्या परसाची खाद्यक्षमता होती. वर्षाकाठी ५० ते ७० अंडी देणारी गावठी कोंबडी त्या मर्यादेत बसत असे. शंभराच्या वर अंडी देणारी भारी जात दिवसाला शंभर ग्रॅमहून अधिक खाद्य मागते. अठ्ठावीस पक्ष्यांस रोज सुमारे तीन किलो होते. यातील परसातून मिळेल तो भाग वजा जाता उरलेले खाद्य विकत आणावयाचे असते. पाऊस कमी झालेल्या वर्षी खळे रिकामे राहते आणि तो उरलेला भाग वाढतो. म्हणून खुराड्याच्या क्षेत्रफळावरून संख्या ठरविताना, तेवढ्या पक्ष्यांचे खाद्य आपल्या परसातून व पैशांतून निघेल काय, हाही प्रश्न त्याच वेळी विचारावा. दोन्हींपैकी जे उत्तर लहान असेल, तीच कळपाची मर्यादा.

शिवाय कळपाची संख्या स्थिर नसते. आठ कोंबड्यांपैकी दोन खुडूक बसल्या आणि प्रत्येकीमागे आठ पिल्ले जगली, तर एक कोंबडा धरून नऊचे पंचवीस होतात. त्यांतील नर विकले जाईपर्यंत चार-पाच महिने ही संख्या खुराड्यात राहते. नऊ पक्ष्यांसाठी बांधलेले खुराडे या काळात तिपटीच्या जवळ भरते. तेव्हा योजना करताना आरंभीची संख्या न घेता हंगामातील सर्वाधिक संख्या घ्यावी. ते परवडत नसेल तर अंडी उबवावयास बसविण्यापूर्वीच पिल्लांच्या विक्रीचे दिवस ठरवावेत.

सारांश, जागेचा प्रश्न हा संख्या, काळ आणि ऋतू या तिहींचा प्रश्न आहे. रात्रीपुरता अर्धा चौरस हात, अहोरात्र एक चौरस हात, मोकळ्या आवारात चार-पाच चौरस हात आणि दांडीवर एक वीत, ही मापे त्याची चौकट होत. डालगे व खुराडे या शब्दांनी जी व्यवस्था दर्शविली जात होती, तीत दिवसाची जागा गृहीत होती. ती अंगणाने व रानाने पुरविली होती. कोंबड्यांची संख्या वाढून आणि अंगण आखडून ते गृहीत ढळले, परंतु शब्द तोच राहिला आणि शब्दाबरोबर मापही तेच राहिले. मिरजगावातील असो वा अन्यत्रची, ज्या घरात अठ्ठावीस तलंगा यावयाच्या आहेत, तेथे त्या येण्यापूर्वी एकदा हाताने जमीन मोजली जावी. अनुदानाखेरीजचा अर्धा खर्च त्या घराने स्वतः सोसलेला असतो. आणि तो वसूल होणे अगर न होणे पुष्कळ अंशी या मोजणीवर अवलंबून असते.